कातड्याचे जोडे

‘माझ्या अंगाच्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले, तरी तुमचे उपकार फिटायचे नाहीत.’ निवृत्तीच्या सत्कारात, ऑपरेशन यशस्वी झाल्यावर डॉक्टरांच्या केबिनमध्ये, मुलीचं लग्न पार पडल्यावर मदत करणाऱ्या मेव्हण्यापुढे, असं कुठे ना कुठे हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. बोलणाऱ्याचा गळा दाटलेला असतो, ऐकणारा ‘अहो, काहीतरीच काय’ म्हणतो आणि चहा येतो. कातडं जिथल्या तिथे राहतं.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. कॉम्प्युटरला वाक्प्रचार कळत नाहीत, सांगितलेलं तो शब्दशः करतो. त्यामुळे असेल, पण कुणी असं बोललं की माझ्या डोक्यात नको ते प्रश्न येतात. कातडं कुठलं काढायचं? पाठीचं की मांडीचं? ते कमावणार कोण? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खरोखरच कुणी असे जोडे करून समोर ठेवले, तर घ्यायचे का?

हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका काल्पनिक नाही. एका गोष्टीत तो उभा राहिलेला आहे. आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे. कल्याणीच्या कलचुरी राजांचं आधीचं ठाणं हे मंगळवेढं, आणि बसवण्णांचाही काही काळ इथे गेल्याचं सांगतात. त्यामुळे आमच्या भागात, विशेषतः लिंगायत घरांतून, हरळय्याची गोष्ट माहीत असते. पुण्यात आल्यावर ध्यानात आलं, की इथे ती फारशी कुणी ऐकलेली नाही. म्हणून आधी गोष्ट सांगतो.

बाराव्या शतकातलं कल्याण, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. राजा बिज्जळ, त्याचा मंत्री बसवण्णा, आणि बसवण्णांभोवती जमलेले शरण. त्यांत नावाडी होते, धोबी होते, दोर वळणारे होते. हरळय्या चांभार होता. एक दिवस रस्त्यात बसवण्णा समोरून आले. हरळय्याने वाकून ‘शरणु’ म्हटलं. बसवण्णांनी उलट ‘शरणु शरणार्थी’ म्हटलं, म्हणजे एका नमस्काराला दोन नमस्कार परत केले. हरळय्या घरी आला तो बेचैन होऊन. एक नमस्कार जास्तीचा आला होता आणि तो फेडायचा कसा हे त्याला सुचेना. शेवटी त्याने स्वतःच्या मांडीचं कातडं काढलं. त्याची बायको कल्याणम्मा हिनेही आपल्या मांडीचं काढून दिलं. दोघांनी त्याच्या वहाणा शिवल्या आणि बसवण्णांपुढे नेऊन ठेवल्या.

बसवण्णांनी त्या घातल्या नाहीत. या घालायची माझी लायकी नाही, असं म्हणत त्यांनी त्या डोक्यावर घेतल्या आणि हरळय्याला परत दिल्या. परतताना वाटेत मधुवरस नावाचा ब्राह्मण मंत्री भेटला. इतक्या सुंदर वहाणा चांभाराच्या हातात कशाला, म्हणून त्याने त्या घेऊन पायात घातल्या. त्याच्या अंगाचा दाह झाला, काही कथांत कोड फुटलं. वैद्य हरले. शेवटी हरळय्याच्या घरच्या, कातडी भिजवायच्या कुंडीतलं पाणी अंगावर घेतल्यावर तो बरा झाला. नंतर तोही शरण झाला.

हा काही इतिहासाचा पुरावा नाही, लोककथा आहे. पण लोककथेचा एक फायदा असतो. ती कुणा एकाच्या डोक्यातून आलेली नसते. शेकडो वर्षं सांगणाऱ्यांनी तिच्यात काय ठेवलं आणि काय गाळलं, यावरून त्यांना कशाची टोचणी होती ते कळतं.

मला पहिल्यांदा टोचला तो हरळय्याचा हिशेब. एका जादा नमस्काराचं कर्ज, आणि त्याची परतफेड दोन माणसांच्या मांड्या. हा व्याजाचा दर कुठला? कीर्तनातून वगैरे ही गोष्ट सांगतात तेव्हा हरळय्याची भक्ती किती थोर, याच अंगाने सांगतात. भक्ती असेलच. पण तोच जादा नमस्कार बसवण्णांनी एखाद्या सावकाराला किंवा पुरोहिताला केला असता, तर त्याने तो मोजलाही नसता. त्याला रोज असे दहा मिळत असणार. हरळय्याला तो मोजावासा वाटला, कारण वरून खाली येणारा नमस्कार त्याच्या आयुष्यात जवळपास नव्हताच. दुष्काळात पाण्याचा भाव वाढतो, तसा.

नमस्काराला भाव असतो ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर आपलाच इतिहास बघावा. महारांनी ‘जोहार’ म्हणायचं, इतरांनी ‘रामराम’, कुणी ‘दंडवत’. १७७९ मध्ये सोनारांनी ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये असा हुकूम मुंबईच्या इंग्रज सरकारने काढला, तोही पुणे दरबाराशी संबंध बिघडू नयेत म्हणून. दोन सत्तांनी मिळून एका शब्दाचा बंदोबस्त केला! वहाणांचंही तेच. गावातल्या वरच्या आळीतून जाताना त्या काढून हातात घ्यायच्या, पुढे आल्यावर पुन्हा घालायच्या, हे काल-परवापर्यंत कित्येकांनी केलं आहे. त्या वहाणा ज्याने शिवल्या त्यालाही त्या पायात घालून सगळीकडे फिरता येत नव्हतं.

म्हणजे हरळय्याचं कर्ज बसवण्णांनी दिलेलंच नव्हतं. बसवण्णांनी साधं सौजन्य दाखवलं. त्या सौजन्याचं कर्ज झालं ते आजूबाजूच्या व्यवस्थेमुळे. आणि कल्याणम्माचं तर काहीच देणं नव्हतं, रस्त्यात तिला कुणी नमस्कार केलेला नव्हता. तरी एक मांडी तिची गेली. गोष्ट सांगणारे हे वाक्य पटकन उरकतात, ‘पत्नीनेही दिलं’. मला इथे नेहमी अडखळायला होतं. घरातल्या पुरुषाने घेतलेल्या उपकाराची फेड बायकांच्या अंगातून होते, हे ज्याने कुणी या कथेत घातलं त्याला संसार नीट ठाऊक असावा.

आता बसवण्णांचं उत्तर. त्यांनी वहाणा डोक्यावर घेतल्या. पहिल्यांदा ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, मलाही आलं होतं. नंतर थोडी शंका येते. डोक्यावर घेणं ही आपल्याकडची जुनीच तऱ्हा आहे. अयोध्याकांडात भरत रामाच्या पादुका डोक्यावर घेतो आणि नंदिग्रामात त्या पुढे ठेवून चौदा वर्षं राज्य चालवतो. तुकोबांच्या मुलाने, नारायण महाराजांनी, १६८५ मध्ये पादुका पालखीत घालून पंढरीला न्यायची प्रथा सुरू केली, आजही आषाढीला लाखो माणसं त्या पादुकांच्या मागून चालतात. पण नीट बघा, पूजेतल्या पादुका लाकडाच्या असतात, चांदीच्या असतात, भरताच्या तर सोन्याने मढवलेल्या होत्या. चामड्याच्या बहुधा नसतात. चामड्याचा जोडा दाराबाहेर काढायचा असतो. पादुका शिवत नाहीत, घडवतात. ज्याचं काम शिवण्याचं, तो पूजेच्या चित्रात कुठेच येत नाही. तो वारीच्या वाटेवर मात्र भेटतो. आरी आणि दोरा घेऊन रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला फुकट शिवून देणारे चर्मकार मी पाहिले आहेत. पालखी पुढे निघून जाते, हे शिवत बसलेले असतात.

चामड्याच्या वहाणा स्वीकारणारे देव नाहीत असं नाही. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यात लक्कम्मा देवीला लोक चपला वाहतात, झाडाला बांधतात. श्रद्धा अशी, की देवी रात्री त्या घालून फिरते. मला ही कल्पना फार आवडते. देवाने दिलेली वस्तू वापरली, ती झिजवली, म्हणजे घेतली. डोक्यावर घेतलेली वहाण झिजत नाही. ती कायम नवी, कायम पवित्र, आणि शिवणाऱ्याच्या दृष्टीने कायम फुकट गेलेली. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण माणसांना पायरी दाखवायला वापरतात, म्हणून ती ऐकायला ओंगळ वाटते. पण वहाणेपुरती ती खरी आहे.

मग बसवण्णांनी त्या घालायला हव्या होत्या का? इथे मी बराच काळ अडकलो होतो. उत्तराकडे नेलं ते एका वेगळ्याच ठिकाणच्या दोन गोष्टींनी.

बौद्धांच्या विनयपिटकात, महावग्गात, एक अख्खं प्रकरण चामड्यावर आणि वहाणांवर आहे. त्यात सोण कोळिविस नावाचा श्रीमंत घरातला भिक्खू येतो. पाय इतके नाजूक, की चालत ध्यान करताना रक्ताने वाट माखली. बुद्ध म्हणाले, तू एका थराच्या वहाणा घाल. सोण म्हणाला, एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणांना चिकटलो असं लोक म्हणतील. सगळ्या संघाला परवानगी असेल तर घालीन, एकट्याला नको. तेव्हा बुद्धांनी ती सगळ्यांना दिली.

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. एका भिक्खूला उपासकाच्या घरचं वासरू आवडतं, चित्त्याच्या पिल्लासारखं ठिपकेदार. तो मारा असं म्हणत नाही, फक्त त्याचं कातडं आपल्या उपयोगी पडेल असं सुचवतो. उपासक वासरू मारतो आणि कातडं दान देतो. भिक्खू ते चीवराखाली लपवून चालू लागतो, तर गाय त्याच्या मागे मागे येत राहते. इतर भिक्खू विचारतात, ही गाय तुझ्या मागे का येते आहे? तो म्हणतो, मलाही माहीत नाही. पण चीवराला रक्त लागलेलं असतं. त्यानंतर बुद्ध गाईचं चामडं वापरायला बंदी करतात.

दानाच्या नीतीवर यापेक्षा नेमकं काही मी वाचलेलं नाही. देणारा खुशीने देतो, घेणारा मागतही नाही, नियम कुठलाच मोडलेला नाही, आणि तरी मागे गाय चालत असते. देणाऱ्याची खुशी तेवढी पुरेशी नाही. ती वस्तू कुठून सोलून आली आहे, हे घेणाऱ्याने बघायचं असतं.

या दोन गोष्टींनंतर बसवण्णांचा नकार मला वेगळा दिसू लागला. त्यांनी वहाणा घातल्या असत्या, तर हरळय्याचा हिशेब बरोबर ठरला असता. म्हणजे, हो, माझा एक जादा नमस्कार तुम्हा दोघांच्या कातड्याच्या किमतीचा होता, आता फिटंफाट. नकार देऊन ते म्हणतात की कर्ज मुळात नव्हतंच. मांडीची जखम त्याने भरून येत नाही आणि हरळय्या रिकाम्या हाताने नव्हे, भरल्या हाताने परत जातो, ते त्याहून वाईट. पण निदान दर तरी ठरत नाही. मधुवरस मात्र त्या वहाणा न विचारता घालतो आणि भाजतो. त्याची गाय लगेच येते.

आपल्या वाक्प्रचारात यातलं काहीच उरलेलं नाही. कातडं उरलं, जोडे उरले, ‘तरी फिटायचे नाहीत’ उरलं. समोरच्याने घालायला नकार दिला होता, हा भाग भाषेने गाळून टाकला.

नकाराचे प्रकार असतात हेही सांगायला हवं. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या फीला घरात पैसे नव्हते. सलग दोन वर्षं पाऊस नव्हता. वडिलांनी दोघांकडून पैसे घेतले. थोडे आमच्याच भावकीतल्या एका काकांकडून, आणि बरेचसे तालुक्याच्या गावी चपलांचं दुकान असलेल्या एका गृहस्थांकडून. वडील त्यांच्याकडे वर्षानुवर्षं वहाणा घेत, ओळख तेवढीच. ते चर्मकार समाजाचे. पैसे हातात घेताना वडील भरून येऊन ते वाक्य बोलून गेले, माझ्या कातड्याचे जोडे वगैरे. त्यांनी रापी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘पाटील, कातडं आमी कमावतो. तुमचं ऱ्हाऊ द्या अंगावर.’ वडिलांनी ही गोष्ट घरी हसत सांगितली. ते वाक्य कुणापुढे बोललो, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं होतं.

नोकरी लागल्यावर मी दोघांचे पैसे द्यायला गेलो. काकांनी घेतले नाहीत. ‘आपल्यात हिशेब कसला’ म्हणाले. आजही त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्याला मी दोन दिवस आधी जातो, आणि चार लोकांत माझी ओळख ‘याचं शिक्षण आपणच केलं’ अशी होते. दुकानवाल्यांनी पैसे घेतले. तिथेच मोजले, वहीत रेघ मारली, चहा मागवला. व्याज विचारलं तर म्हणाले, ‘तुझ्या बापाला व्याजाने दिलेच नव्हते.’ त्या दुकानातून बाहेर पडताना अंग हलकं झालं होतं. उपकार फिटू न देणं ही मोठी सत्ता असते. आणि ती बहुतेक वेळा मनाच्या मोठेपणाच्या रूपात येते, त्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

मोजून घेणं हा म्हणूनच मला एक प्रकारचा आदर वाटतो. ‘कमावणे’ हा शब्द मराठीत पैशाला आणि कातड्याला एकच आहे. कच्चं कातडं चुन्यात घालायचं, केस काढायचे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसच्या दिवस ठेवायचं, मग ते कुजायचं थांबतं. कोल्हापुरी चपलेत त्यापुढे कापणं, ठोकणं, शिवणं, आणि पट्ट्यावरची वेणी, जी पुष्कळदा घरातल्या बायका घालतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानला तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि ओरड झाल्यावर भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. श्रेय द्या, श्रेय द्या. द्यायलाच हवं. पण नाव घेणं हेही डोक्यावर घेण्यातच मोडतं. आमच्या क्षेत्रात दुसऱ्याने फुकट लिहिलेला कोड वापरताना त्याचं नाव एका फाइलीत ठेवायचं असतं. नाव ठेवायला काही पडत नाही. त्या फाइलीवर कुणाचं घर चालल्याचं मी पाहिलेलं नाही.

हरळय्याची गोष्ट मात्र वहाणांपाशी संपत नाही. मधुवरस शरण झाल्यावर त्याच्या मुलीचं लग्न हरळय्याच्या मुलाशी, शीलवंताशी, ठरलं आणि झालं. ब्राह्मणाची मुलगी, चांभाराचा मुलगा. दरबारात तक्रार गेली. परंपरा सांगते की बिज्जळाने हरळय्या आणि मधुवरस दोघांनाही हालहाल करून मारलं, डोळे काढून, हत्तीच्या पायी बांधून. त्यानंतर कल्याण पेटलं, ११६७च्या सुमाराला बिज्जळही मारला गेला, शरण चहूकडे पांगले. गिरीश कार्नाडांचं ‘तलेदंड’ हे १९९० सालचं नाटक याच लग्नाभोवती उभं आहे.

जोडा हा शब्दही मराठीत दोन अर्थांचा. पायातला, आणि नवरा-बायकोचा, लक्ष्मीनारायणाचा. हरळय्याच्या गोष्टीत दोन्ही आहेत. पहिल्या जोड्याचं कुणालाच वावडं नव्हतं. चांभाराने स्वतःला सोलून मंत्र्यासाठी वहाणा कराव्यात, यात धर्म बुडत नव्हता, राज्य डळमळत नव्हतं. तक्रार घेऊन कुणी दरबारात गेलं नाही. उलट त्या त्यागाच्या गोष्टी झाल्या, गाणी झाली. दुसऱ्या जोड्यात कुणाच्या अंगावर ओरखडाही नव्हता, अक्षता तेवढ्या पडल्या. त्यासाठी हत्ती आणले गेले.

आणि मला वाटतं, बसवण्णांच्या दोन नमस्कारांचा खरा अर्थ हरळय्याला वहाणा शिवताना लागलेला नव्हता, तो मुलाचं लग्न ठरवताना लागला असावा. तिथे तो काही फेडत नव्हता. व्याही व्याह्याला भेटतो तसा भेटत होता.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, म्हणजे आमच्या घरात सध्या कुठला विषय चालतो ते वाचकांना सांगायला नको. दिवाळीत गावी गेलो तेव्हा बहिणीने विवाहस्थळांच्या एका वेबसाइटवर माझी माहिती भरायला घेतली. असले फॉर्म कसे बनतात ते मला माहीत आहे. कुठली चौकट भरलीच पाहिजे आणि कुठली मोकळी सोडली तरी चालेल, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. त्या फॉर्मवर जात भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. त्याच्या खाली एक छोटी चौकट होती, ‘जातीचं बंधन नाही’. ती मोकळी सोडली तरी चालणार होतं. मी म्हटलं, तिथे खूण कर. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. वडील पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला. पायात त्याच दुकानातून आणलेल्या वहाणा होत्या, ओसरीवर बसले की ते काढत नाहीत. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. कुणीच काही बोललं नाही. तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘तूच भर.’